शिकवलेला दमा

तिसऱ्या मजल्यावर येऊन, कुलूप उघडून, चपला काढून, दूध पातेल्यात ओतून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण आज दुसऱ्या मजल्यावर थांबलोच नाही. ती गॅससमोर तशीच उभी राहिली. पंचवीस वर्षं ती दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून थांबत आली होती. समोरच्या दारावरची पाटी वाचायचं निमित्त असायचं. ती पाटी आता तिला इतकी पाठ होती की त्या घरातल्या माणसांनी ती बदलली तर आपल्याला न विचारता बदलली असं तिला वाटलं असतं. त्या घरातली बाई दार उघडून बाहेर आली की दोघी एकमेकींकडे बघून हसत, आणि ती बाई मुद्दाम काहीतरी लांबलचक सांगत बसे, म्हणजे हिला उत्तर द्यावं लागू नये. माणसं असे बारीक बारीक उपकार करतात आणि ते फेडायची सोय ठेवत नाहीत. आज त्या बाईला न भेटता, त्या पाटीकडे न बघता, दुसरा मजला इमारतीतून कुणी काढून टाकला असावा तशी ती वर आली होती. तिने छातीवर हात ठेवला. हवा आत जात होती, बाहेर येत होती. दार सताड उघडं टाकलेल्या घरातून कुणीही यावं-जावं तशी, कुणाला न विचारता. बरं वाटायला हवं होतं. पाकीट मारलं गेल्यावर माणूस आधी सगळे खिसे पुन्हा पुन्हा चाचपतो, तशी तिने जोरात श्वास ओढून बघितला, खोकून बघितलं, ओट्याला धरून वाकून बघितलं. कुठेही काही अडकेना. दूध उतू गेलं आणि मग तिला आठवलं की चार दिवसांनी तालीम आहे.

बाहेरच्या कुणाला सांगून खरं वाटलं नसतं, पण शहरातल्या सर्वांत मोठ्या गायिकेचं नाव ज्या एका गोष्टीवर उभं होतं ती गोष्ट हिच्या छातीत होती. बावीस वर्षांपूर्वी ती कोरसमध्ये सहा बायकांत शेवटची, भिंतीला खेटून उभी असायची. त्या काळी या गायिकेला कुणी मॅडम म्हणत नसे. त्या उड्या मारणारी गाणी गात, फोटोत बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत, आणि त्यांची लागोपाठ तीन गाणी पडली होती. चौथं गाणं संथ होतं. पहिल्या ओळीआधी एक मात्रा सगळी वाद्यं थांबायची. त्या दिवशी पर्सा बाहेर ठेवायला लावल्या होत्या आणि हिचा दम्याचा पंप पर्समध्ये राहिला होता. भिंतीवर आवाज शोषायला लावलेल्या गालिच्याची धूळ सकाळपासून नाकात जात होती. वाद्यं थांबली आणि त्या रिकाम्या मात्रेत हिचा श्वास अडकला आणि सुटला. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून कपाळावर हात मारला. पुन्हा घ्यायचं ठरत होतं. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला एक सडपातळ तरुण म्हणाला, "परत एकदा लावा ते." तो कंपनीचा प्रसिद्धीवाला होता. कडक इस्त्रीचे कपडे घालायचा, म्हणून आणि कुठल्याही गोष्टीची सुरकुती काढून द्यायचा म्हणूनही, सगळे त्याला इस्त्री म्हणत. त्याने डोळे मिटून तो तुकडा ऐकला, तीनदा. मग म्हणाला, "हे काढू नका. हिच्या आजवरच्या सगळ्या गाण्यांत ऐकावंसं वाटलं ते एवढंच." मॅडम तिथेच, दोन हातांवर उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली, आणि कोरसमधल्या कुणी हसलं नाही. गाणाऱ्या बायका दुसरीचा अपमान कुठल्या सुरात झाला ते बरोबर ओळखतात आणि तो लक्षात ठेवतात.

मग इस्त्रीने मॅडम बनवायला घेतल्या. दात बंद झाले. केस मोकळे सुटले. फोटो काढणाऱ्याला ताकीद मिळाली की चेहरा अर्धाच दिसला पाहिजे आणि नजर फोटोच्या बाहेर कुठेतरी. मुलाखतीत बोलता बोलता मध्येच थांबायचं, मनात सातपर्यंत आकडे मोजायचे आणि मग "जाऊ दे" म्हणायचं. काय जाऊ दे, ते सांगायचं नाही. "दुःख सांगितलं की ते एवढंसं होतं," इस्त्री सगळ्यांसमोर समजावून सांगत असे, कारण आपलं कसब ऐकायला माणसं असली की तो खुलायचा. "न सांगितलेलं दुःख ज्याच्या त्याच्या मापाचं होतं. ज्याची बायको गेली त्याला वाटतं हिचा नवरा गेला असणार. ज्याची नोकरी गेली त्याला वाटतं हिला पण कुणीतरी काढून टाकलेलं आहे." खरं म्हणजे मॅडमचा नवरा धडधाकट होता आणि जेवणावर आडवा हात मारायचा; पण त्याला लोकांसमोर यायची बंदी झाली, आणि त्याने ती आनंदाने मान्य केली, कारण गाण्याचा त्याला पहिल्यापासून कंटाळा होता. त्या श्वासावर लेख आले. एका समीक्षकाने तीन रकाने भरून लिहिलं की या एका श्वासात एका अख्ख्या पिढीचं न बोललेलं दुःख साठलेलं आहे. हिने तो लेख कोरसच्या खोलीत, चहाच्या कपाखाली पसरलेल्या वर्तमानपत्रात वाचला, कपाचा गोल डाग दुःखावर पडला होता, आणि तिला फक्त गालिच्यावरची धूळ आठवली.

तेव्हापासून प्रत्येक गाण्यात तो श्वास आला. कार्यक्रमांत तर तो आल्याशिवाय लोक खुर्च्यांत नीट बसत नसत. कोरसच्या रांगेत डावीकडच्या टोकाला, काळ्या कपड्यांत, अंधारात ती उभी राहायची, तिच्यापुढे वेगळा माइक. वाद्यं थांबायची, मॅडम उजव्या कोपऱ्याकडे वळून, लोकांकडे आणि तिच्याकडेही पाठ करून छातीवर हात ठेवायच्या, आणि अंधारातून हिचा श्वास यायचा. हजार-दोन हजार माणसं एकदम हळहळायची. तो आवाज ऐकताना तिच्या पाठीतून काहीतरी सरसरत जाई. बाकीच्या बायका तिला पंप म्हणत. "पंप, आज दुपारपासून कोरडी आहेस ना गं?" असं विचारत, कारण कार्यक्रमाच्या दिवशी ती दुपारनंतर औषध घेत नसे. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं आणि सांगायची वेळ कुणावर येऊ नये याची काळजी तीच घेत होती. ती त्याला मनात रियाज म्हणायची. कधीतरी, अठरा वर्षांपूर्वी, रेकॉर्डिस्ट तिला म्हणाला होता, "ताई, गंमत म्हणजे तुमचा श्वास बरोबर षड्जावर येतो." कदाचित तो थकला असेल, कदाचित खोलीला कुलूप लावायचं असेल आणि हिने उठावं असं त्याला वाटत असेल, पण ते वाक्य तिने अठरा वर्षं घडी न मोडता जपलं होतं. दमा तर शेजारच्या गल्लीतल्या न्हाव्यालाही होता. त्याचा कुठे षड्जावर येत होता?

एकाच माणसाला त्या श्वासाचं कौतुक नव्हतं, तिच्या मुलीला. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची आणि घरी येऊनही माणसांकडे तशीच बघायची: हे दिसतंय का, आता हे दिसतंय का. जगासाठी तो आवाज दुःख होता, मुलीसाठी ते लहानपणीचं घड्याळ होतं. तो ऐकू आला की आई जागी आहे, आणि थांबला की उठून बघायचं. यंदा तिने आईला हाताला धरून दूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, नवा पंप आणला, सकाळी दोन वेळा संध्याकाळी दोन वेळा, आणि पंपाच्या पाठीवर किती वेळा दाबला ते दाखवणारा आकडा असतो तो ती रोज न चुकता बघायची. "आई, तुझं गाणं गेलं तरी चालेल मला," ती म्हणाली होती, "तू राहा म्हणजे झालं." मुलीच्या तोंडून 'तुझं गाणं' हे शब्द पहिल्यांदा आले होते, आणि आले ते असे.

तालमीत व्हायचं तेच झालं. वाद्यं थांबली, मॅडमनी पाठ वळवली, आणि तिच्या माइकमधून एक साधा, गुळगुळीत, झोपलेल्या मुलासारखा श्वास आला. वाद्यवाले थांबले. पुन्हा घेतलं. आता तिने मुद्दाम अडवून ओढला, तर थंड पाणी अंगावर पडल्यावर माणूस दचकतं तसा तो निघाला, आणि कोरसमधली सर्वांत नवी मुलगी फिसकन हसली. मॅडम वळल्या नाहीत. समोरच्या रिकाम्या खुर्च्यांत इस्त्री एकटा बसला होता. केस पांढरे झाले होते पण शर्टाची घडी तशीच. त्याने वर बघितलं आणि बाहीची घडी नीट केली. घरी येताना तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: तो येणार, आणि औषध बंद करा म्हणणार. दोन दिवस तिने उत्तराची तयारी केली. एक उत्तर मुलीसमोर द्यायचं होतं, ताठ मानेने: माझा जीव मला जड झालेला नाही. दुसरं त्याला खालपर्यंत पोचवायला जाताना हळूच द्यायचं होतं: आठ दिवस पुरेत ना? दोन्ही उत्तरं तिच्याकडे तयार होती, आणि कुठलं खरं ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

तो रविवारी सकाळी आला, द्राक्षांची पेटी घेऊन. मुलीशी चष्म्याच्या काचांबद्दल इतका वेळ बोलला की मुलीच्या मनातलं अर्धं भांडण तिथेच विरून गेलं. मग हिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, तब्येत काय सुधारलीय तुमची! औषध अजिबात सोडू नका हं."

तिने तयार केलेली दोन्ही उत्तरं फुकट गेली.

"मी तर म्हणतो बरंच झालं," तो म्हणाला. "दुःखी बाई आता जुनी झाली, ताई. ऐकणारे आहेत ते आपल्याच वयाचे. नव्या पोरांना दुःखातून उठलेली बाई लागते. पडली, झडली, उठली, आता धावतेय. त्यात एक औषधाची कंपनी आपल्याकडे आलीय. त्यांना चेहरा हवाय." त्याने द्राक्षांच्या पेटीवरचा कागद सपाट केला. "मॅडमना दमा होता. लहानपणापासून. बावीस वर्षं त्यांनी तो जगापासून लपवला. तो श्वास म्हणजे दुसरं काही नव्हतं, तो त्यांचा दमा होता. आता त्या बऱ्या झाल्या."

"दमा आईला आहे," मुलगी म्हणाली.

"आहेच ना! त्यांचा कोण काढून घेतंय? दमा काय जगात एकालाच होतो?" तो मनापासून हसला. "उलट मी तेच म्हणायला आलोय. मॅडमना शिकवायला पाहिजे कुणीतरी. कसं होतं, कसं बसतात, पंप कसा धरतात. कॅमेऱ्यासमोर खोटं चालत नाही हो, लगेच दिसतं. ताईंसारखं शिकवणारं दुसरं कोण आहे?"

"दम्याची शिकवणी!" मुलीला हसू आवरेना. "आई, पाटी लाव दारावर. शंभर टक्के निकाल."

मुलगी हसत होती, इस्त्री हसत होता, आणि तीही हसली. पण आत कुठेतरी तिला एक विचित्र हुरहूर लागली होती, ती रागाची नव्हती. बावीस वर्षांत ती मॅडमच्या खोलीत एकदाही गेली नव्हती. कोरसला चहा बाहेर मिळायचा. आता तिला तिथे बोलावलं जाणार होतं, खुर्ची दिली जाणार होती, आणि मॅडम तिला काहीतरी विचारणार होत्या.

खुर्ची मिळाली, तिच्यावर केसांचा टोप ठेवलेला होता तो मॅडमनी स्वतः उचलून बाजूला ठेवला. जवळून त्या थकलेल्या दिसत होत्या, गुडघ्यांवर पट्टे बांधलेले, आणि पुढ्यात शाळेतल्या मुलीसारखी वही. "बस गं," त्या म्हणाल्या. "आणि घाबरू नकोस, मीच घाबरलेय." हिने सांगायला सुरुवात केली. खांदे कसे कानांकडे चढतात. माणूस आडवं होऊ शकत नाही, पलंगाच्या कडेला बसतं आणि समोर टेबल असेल तर त्यावर कोपरं रोवतं. कुणी 'दीर्घ श्वास घ्या' म्हणालं की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, पण हात उचलायला हवा लागते. वाक्य सुरू करण्याआधी मोजावं लागतं की शेवटच्या शब्दापर्यंत पुरेल का. म्हणून दम्याची माणसं थोडक्यात बोलतात आणि लोकांना ती फटकळ वाटतात. बोलता बोलता आपला आवाज मोठा झालाय हे तिला कळलं. "अहो खांदे! खांदे वर, मान नव्हे!" ती चक्क ओरडली, आणि मॅडमनी मुकाट्याने खांदे वर घेतले आणि वहीत, सुबक अक्षरात, लिहिलं: खांदे. आयुष्यात तिच्या बोलण्यावर कुणी काही लिहून घेतलं नव्हतं.

मग मॅडमनी पेन खाली ठेवलं. "एक विचारू? नक्की होतं काय गं? हवा आत जात नाही, असंच ना?"

तसं नसतं. ज्याला होतो त्यालाच ते माहीत असतं. हवा आत गेलेली असते, तीच बाहेर जात नाही. छाती भरलेली राहते, शिळ्या हवेने, काठोकाठ, आणि नव्या हवेला जागा नसते. माणूस आपल्याच आत गेलेल्या गोष्टीने बुडतं. लोक ऐकतात तो शेवटचा घोट, वरवरचा. त्याच्या आधी जे होतं, न सुटणं, त्याला आवाजच नसतो. बावीस वर्षं लोक ज्यावर हळहळले ते नुसतं टरफल होतं, आणि आतलं काय ते सांगायला आज पहिल्यांदा, समोर, विचारणारं माणूस बसलं होतं. मॅडमचे डोळे खरोखरच विचारत होते. त्या म्हणाल्यासुद्धा, "बावीस वर्षं तुझ्याकडे पाठ करून उभी राहिले. तेव्हा तुझा चेहरा कसा होतो ते कधी पाहिलंच नाही. दाखव ना मला." एवढं म्हणून त्यांनी वही पुढे ओढली. कदाचित सवयीने. हिने त्या ओळींकडे बघितलं, खांदे, कोपरं, वाक्य मोजणं, सगळं एकाखाली एक नीट लिहिलेलं, तिथे अजून एका ओळीची जागा होती. आणि तिला वाटलं, नाही. हे नाही. एवढं एक माझ्याकडे राहू दे.

"हो," ती म्हणाली. "आत जात नाही. म्हणून माणूस मान मागे टाकतं, अशी, तोंड उघडं, हात छातीवर, आणि ओढतं." तिने करून दाखवलं. असं तिने जन्मात कधी केलं नव्हतं. खरी वेळ आली की तिची मान पुढे झुकायची आणि तोंडातून अक्षर निघायचं नाही. मॅडमनी मान मागे टाकली. गळ्याची रेघ सुंदर दिसली. हात छातीवर गेला, आणि त्यांनी जो श्वास ओढला त्यात बावीस वर्षांची पाठ वळवलेली तालीम होती.

"अस्सं?"

"मान आणखी थोडी मागे," ती म्हणाली. "अस्सं."

दाराशी उभ्या असलेल्या इस्त्रीने हळूच टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी ती परतताना बसच्या खिडकीत स्वतःशीच हसत होती. एका खोट्याचा इतका आनंद होतो हे तिला या वयात कळत होतं.

जाहिरात महिनाभरात शहरभर झाली. थांब्यांवर, पडद्यांवर, दवाखान्यांच्या भिंतींवर मान मागे टाकलेल्या मॅडम, छातीवर हात, आणि शेजारच्या चित्रात त्याच मॅडम डोंगरावर, दात दाखवत. बत्तीसच्या बत्तीस परत आले होते. मुलाखतीत त्या आता आकडे मोजत नव्हत्या, भडाभडा बोलत. "दम्याने मला थोडक्यात बोलायला शिकवलं," त्या पाऊण तास म्हणत. पलंगाच्या कडेला बसून टेबलावर रोवलेली कोपरं सांगताना त्यांचा आवाज भरून आला, आणि समोरचा मुलाखतकार रडला. गल्लीतली पोरं धावता धावता थांबून, मान मागे टाकून दमा-दमा खेळायला लागली. तीच रेकॉर्ड, तीच बाई, पण लोक जुनी गाणी नव्याने ऐकायला लागले, आणि आता त्यांना त्या श्वासात हिंमत ऐकू यायला लागली. नव्या गाण्यांत ओळी लांबच लांब, न तुटणाऱ्या. इस्त्रीचा फोन आला, आवाज अगदी मऊ. "ताई, आता तुम्ही विश्रांती घ्या. खूप केलंत." कोरसमध्ये पाच बायका राहिल्या. बातमी ऐकून बाकीच्यांपैकी एकीने फोन केला आणि बराच वेळ आपल्या सुनेबद्दल बोलली.

विश्रांती म्हणजे काय करायचं असतं ते तिला येत नव्हतं. सकाळ व्हायची, मुलगी कामावर जायची, ती खिडकीशी बसायची आणि छाती आपली नुसती आत-बाहेर चाललेली. कशासाठी ते कळायचं नाही. तिला त्या अडकण्याची आठवण यायची, अक्षरशः, गेलेल्या माणसाची येते तशी. त्याने कितीही छळलं असलं तरी घरात त्याचा वावर होता. मॅडमनी तो दमा उचलून अंगावर घातला होता, आणि वर तो बराही करून दाखवला होता. पण खरा माझ्याकडे आहे, ती स्वतःला सांगायची, मी त्यांना खरा दिलाच नाही. मग एके दिवशी तिला शंका आली की तो खरोखरच आहे का आपल्याकडे? तपासून बघायला हवं. दुसऱ्या दिवसापासून तिने पंप तोंडात न दाबता मोरीत दाबायला सुरुवात केली, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, म्हणजे मुलीने बघितला तर आकडा बरोबर भरावा. आयुष्यभर ती प्रामाणिक म्हणून ओळखली गेली होती. पण खोटं एकदा जमलं की हात सरावतो. चार दिवस काही झालं नाही. सहाव्या दिवशी छातीच्या तळाशी एक बारीक शीळ वाजली. ती पलंगावर उठून बसली आणि भान हरपून ऐकत राहिली. षड्ज होता की नव्हता? तिला वाटलं होता.

अकराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, मुलगी दुकानात गेल्यावर, शीळ थांबली. थांबली म्हणजे बरी झाली नव्हती. शीळ वाजायलाही हवा सरकावी लागते. पंप दाबला तर त्यातून नुसता कोरडा खट् असा आवाज आला. मोरीने सगळं औषध पिऊन टाकलं होतं, आणि नवा पंप मुलगी संध्याकाळी येताना आणणार होती. मोठा दवाखाना दूर होता. कोपऱ्यावर एक छोटा होता, तिथे ती कधी गेली नव्हती, तिथपर्यंत भिंतीला धरून धरून ती गेली. बाकांवर सहा माणसं, टेबलामागे नंबर देणारी मुलगी, आणि तिच्या डोक्यावर मान मागे टाकलेल्या मॅडम. हिने टेबलावर दोन्ही हात रोवले, खांदे कानांकडे चढले, मान पुढे झुकली. आवाज काहीही येत नव्हता.

"मावशी, नंबर घ्या. आठवा आहे तुमचा. काय होतंय?"

तिने ओठ हलवले. मग मोजून, एक शब्द. "दमा."

टेबलामागच्या मुलीने तिच्याकडे निरखून बघितलं, मग वर भिंतीकडे. "दमा असा नसतो, मावशी," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "दम्यात हवा आत जात नाही ना. मग माणूस असं करतं—" आणि तिने मान मागे टाकून, छातीवर हात ठेवून दाखवलं. बाकावरच्या एका गृहस्थाने "नाही, मान अजून मागे," म्हणून तिच्याहून चांगलं करून दाखवलं. दोघं-तिघं हसले, वाईट मनाने नव्हे. "तुम्ही तर गप्प उभ्या आहात. गॅस धरला असेल छातीत. बसा हं, थोडं पाणी देऊ?"

छाती काठोकाठ भरलेली होती. डोळ्यांपुढे टेबलाच्या कडेची लाकडी रेघ जाड-बारीक होत होती. सांगण्यासारखं खूप होतं: आत जात नाही असं नाही, बाहेर जात नाही, हे मी शिकवलंय, ते खोटं आहे, मीच शिकवलंय. एवढी वाक्यं मोजून बघायची गरजच नव्हती. तिने टेबलावरचा उजवा हात सोडला. तो छातीवर ठेवला. मग मान मागे टाकली, जी त्या क्षणी टाकू नये ती, आणखी थोडी मागे, आणि भरलेल्या छातीवर अजून एक घोट ओढला. आवाज आला. मोठा, फाटका, सुंदर.

"अगं बाई!" नंबर देणारी खुर्ची मागे सारून उभी राहिली. "डॉक्टर! डॉक्टर, दम्याची पेशंट आहे!"

बाकावरचा गृहस्थ धडपडत उठला, त्याने जागा केली. कुणीतरी पंख्याचं बटण दाबलं, कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवू लागलं. आतून तरुण डॉक्टर धावत आला. दोन मिनिटांत तिच्या तोंडावर प्लॅस्टिकचा मास्क होता, औषधाची थंड वाफ येत होती, मशीन गुरगुरत होतं. ती नंबर देणारी मुलगी बाकावरच्यांना सांगत होती, "मी लगेच ओळखलं. अगदी मॅडमसारखा होता." सगळ्यांनी माना वर करून भिंतीकडे बघितलं.

डॉक्टरने कागद पुढे ओढला, नळी कानाला लावली, तिची छाती ऐकली, आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "मावशी, हा त्रास पहिल्यांदाच होतोय का?"

नाही म्हणायला मान हलवली तरी पुरलं असतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कधीपासून, आणि त्याच्या पुढचा, आणि त्या सगळ्याला हवा लागते. मास्कच्या आत अडकलेलं हळूहळू, नुकतंच कुठे बाहेर सरकायला लागलं होतं. तिने डॉक्टरच्या पेनाकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली.